पेटीत राहणारी आणि न राहणारी

पावसाळा सरला की अंबरनाथ-बदलापूरच्या उंच इमारतींच्या सज्जाखाली काळसर पडदे लोंबू लागतात. सोसायटीच्या व्हॉट्सअॅपवर एकच सूर निघतो : मोहोळ बसलंय, माणूस बोलवा. माणूस येतो, औषध मारतो किंवा मशाल लावतो, पैसे घेऊन जातो. खाली माश्यांचा सडा पडतो. औषध मारलेल्या पोळ्यातला मध खायच्या लायकीचा राहत नाही, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. मेणाचा अंश भिंतीवर राहिला तर पुढच्या हंगामात त्याच जागी नवा थवा बसू शकतो.

खरं तर माणूस बोलावण्याआधी माशी कोणती हे पाहायला हवं. उघड्यावर, उंचावर, एकच भलंमोठं पोळं असेल तर ती आग्या. झुडपात किंवा गॅलरीच्या जाळीला तळहाताएवढं पोळं असेल तर फुलोरी. आणि भिंतीतली भेग, जुना माठ, बंद मीटरबॉक्स किंवा झाडाची ढोली अशा अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक समांतर पोळी बांधणारी ती सातेरी. बराकींवर मजले चढत गेलेल्या उल्हासनगरसारख्या दाट गावात अशा पोकळ्यांना तोटा नाही. या तिघींपैकी पेटीत नांदते ती सातेरीच. आग्याला पेटीत कोंडायचे प्रयत्न पुष्कळ झाले. ती उजेडातली माशी, राहत नाही. ऋतूप्रमाणे स्थलांतर करणं हा तिचा स्वभाव असल्याने बहुतेक वसाहती काही महिन्यांनी आपणच उठून जातात. तोवर खाली धूर न करणं आणि दगड न मारणं एवढंच बरेचदा पुरतं. एका माशीने डंख मारला की इशाऱ्याचा वास सुटतो आणि बाकीच्या त्याच जागी तुटून पडतात.

फांदीला अचानक माश्यांचा घोस लटकलेला दिसतो, ती गोष्ट वेगळी. वसाहत भरली की कामकरी माश्या नव्या राणीच्या कोठड्या बांधतात आणि जुनी राणी निम्म्याहून अधिक माश्या घेऊन बाहेर पडते. पोटात मध भरून निघालेल्या या थव्याला राखायला पिलं नसतात, साठा नसतो, म्हणून तो सहसा शांत असतो. टेहळ्या माश्या जागा शोधून येतात, नाच करून दिशा आणि अंतर सांगतात. एकमत झालं की घोस उठतो. पकडणाऱ्याला मिळतात ते मधले काही तास, फार तर एक-दोन दिवस. घोसाखाली पेटी किंवा टोपली धरून फांदीला एक ठाम झटका द्यायचा; राणी आत गेली तर बाकीच्या मागोमाग चालत येतात.

भिंतीतली वसाहत काढणं मात्र चिकाटीचं काम आहे. हलका धूर द्यायचा, पोळी एकेक कापायची, पिलांची पोळी लाकडी चौकटीत बसवून केळीच्या सोपटाने बांधायची. माश्या मेणाने पोळं चिकटवून घेतात आणि सोपट कुरतडून बाहेर टाकतात. पेटी तिथेच संध्याकाळपर्यंत ठेवावी लागते, नाहीतर चरायला गेलेल्या माश्या बेघर होतात. हलवायची ती अंधार पडल्यावर, दार बंद करून, आणि चांगली दोन-तीन किलोमीटर दूर. जवळच नेली तर माश्या जुन्या जागी परततात.

या पेटीचं मर्म एका फटीत आहे. पाऊण-एक सेंटिमीटरची मोकळी वाट माश्या मेणाने बुजवत नाहीत, हे १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ या पाद्र्याने ओळखलं. त्यामुळे चौकटी सुट्या काढता येऊ लागल्या आणि मधासाठी पोळं पिळायची गरज संपली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी आपल्या लहान माशीच्या मापाची पेटी घडवली. खाली पिलांची कोठी, वर मधाची. मधयंत्रात चौकट फिरवायची आणि रिकामी परत ठेवायची.

रोजचं काम यापेक्षा कंटाळवाणं. मुंग्या चढू नयेत म्हणून पेटीच्या घोडीचे पाय पाण्याच्या वाट्यांत, तळपाट साफ, मेणअळीवर नजर. या पट्ट्यातला खरा पेच पाऊस. जून ते सप्टेंबर फुलं कमी, उड्डाणं बंद. संध्याकाळी साखरेचा पाक दिला नाही तर सातेरी घर सोडून जाते. उन्हाळ्याआधी मात्र चंगळ : बदलापूरच्या ज्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मोहोर मधासाठीही उत्तम. तरीही सातेरीकडून वर्षाकाठी पेटीमागे पाच-दहा किलोच मध धरावा. कोणी मणभराचा हिशोब मांडत असेल तर तो पेट्या विकायला आलेला आहे.

शिकायची सोय आहे. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून काम करते. महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. तिथूनच जवळचं मांघर मे २०२२ मध्ये 'मधाचं गाव' म्हणून जाहीर झालं. मंडळाच्या मधकेंद्र योजनेत निम्मं अनुदान, निम्मी स्वतःची गुंतवणूक. पुण्यात अमित गोडसे यांनी सॉफ्टवेअरमधली नोकरी सोडून, माश्या न मारता पोळी हलवण्याचं काम 'बी बास्केट' या नावाने उभं केलं. अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर या तीन शहरांनाही असंच कोणीतरी हवं आहे, आणि सोसायटीच्या नोटीसबोर्डावर औषधवाल्याच्या नंबराशेजारी त्याचाही नंबर.