योधाजीवाचा प्रश्न

झरी, तलासरी, डहाणू या भागातील उपासकांच्याच पालघर जिल्ह्यात सोपारा आहे. तेथे १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पूर्वीचे राजे मृगयेच्या विहारयात्रा करीत, अशोक मात्र राज्याभिषेकाच्या दहाव्या वर्षी संबोधीस गेला व धम्मयात्रा सुरू झाल्या, असा त्या लेखाचा आशय आहे. कलिंगाचे युद्ध त्याच्या दोनच वर्षे आधीचे. परंतु अशोक राजा होता; शस्त्र खाली ठेवण्यास त्याला कोणाची अनुज्ञा लागत नव्हती. सामान्य शिपायाचे काय?

संयुत्तनिकायाच्या गामणिसंयुत्तात योधाजीव नावाचा सैनिकप्रमुख भगवंतांस विचारतो की, रणात लढता लढता मारला गेलेला योद्धा स्वर्गास जातो, असे आमचे जुने आचार्य सांगत आले, ते खरे काय? भगवंत दोनदा उत्तर देण्याचे नाकारतात. तिसऱ्यांदा सांगतात की, 'हे प्राणी मारले जावोत' अशा हीन चित्ताने लढताना मरणाऱ्याची गती नरकाची आहे. योधाजीव रडू लागतो. मात्र तो उत्तरामुळे रडत नाही. आचार्यांनी इतका दीर्घकाळ आपणास फसविले, याचे त्याला दुःख आहे. पुढे तो उपासक होतो.

विनयातील एक कथा याला जोडून वाचावी. सीमेवर बंड होताच बिंबिसाराचे काही योद्धे पापाच्या भयाने संघात शिरले. राजाने तक्रार केली व राजसेवेतील पुरुषास प्रव्रज्या देऊ नये, असा नियम झाला. काही अभ्यासक यात केवळ राजाची मर्जी राखणे पाहतात. आम्हांस ते एकांगी वाटते. नियम सेवेत असलेल्यापुरता आहे. सेवा संपविलेल्या सैनिकास तो वाट बंद करीत नाही.

हा प्रश्न आमच्या घरांतला आहे. बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटमध्ये आमच्या कित्येक कुटुंबांतील पुरुष गेले. अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे, मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद करावा, ही बाबासाहेबांची मांडणी योधाजीवाच्या सुत्ताशी विसंगत नाही. सुत्ताचाही भर चित्तावरच आहे.

आपल्या काळातील उदाहरण ॲडमिरल लक्ष्मीनारायण रामदास यांचे. ते बौद्ध परंपरेतले नव्हते. पण वाट तीच होती. १९७१ च्या युद्धात पूर्वेकडील सागरात 'बियास' युद्धनौकेचे त्यांनी नेतृत्व केले व वीरचक्र मिळविले. १९९० ते १९९३ ते नौसेनाप्रमुख होते. निवृत्तीनंतर ते अलिबागजवळ भायमळा येथे शेती करू लागले, आणि भारत-पाकिस्तान जनतेच्या संवादासाठी व अण्वस्त्रांविरुद्ध उभे राहिले. १९९८ च्या पोखरण चाचण्यांनंतर माजी नौसेनाप्रमुखाने असे बोलणे सोपे नव्हते. २००४ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, पाकिस्तानचे आय. ए. रहमान त्याचे सहमानकरी होते. रामदास १५ मार्च २०२४ रोजी निवर्तले.