आपलाच आवाज परत कां येतो?

लातूरच्या आडत दुकानांतून नांदेडच्या कचेरीस इंटरनेटवरील फोननें तुरीचा भाव कळवावा, आणि बोलणाऱ्यास स्वतःचेच शब्द क्षणभरानें पुन्हां ऐकूं यावे, असें पुष्कळदां घडतें. आंकडे त्यांत गुरफटले, कीं सौदा बिघडतो. लातूरकर अशा वेळीं आपलेंच यंत्र बदलतो. दोष मात्र बहुधा नांदेडास असतो. तेथील स्पीकरमधून निघालेला आवाज तेथल्याच मायक्रोफोनांत शिरून माघारीं येतो.

जुन्या तारेवरहि थोडा ध्वनि परतत असे. पण तो इतक्या त्वरेनें येई, कीं कानास भेद कळत नसे. इंटरनेटवर आवाजाचे बहुधा २० मिलिसेकंदांचे तुकडे पाडून पाठवितात, आणि पोंचल्यावर ते क्रमानें लावण्यासाठीं थोपवून धरतात. विलंब मुख्यतः या थांबण्याचा, अंतराचा नव्हे. हजार किलोमीटरचा काचतंतु ओलांडण्यास प्रकाशाला सुमारें ५ मिलिसेकंद पुरतात.

प्रथम समोरच्यानें स्पीकर बंद करून रिसीव्हर कानास लावावा. प्रतिध्वनि थांबला, तर दोष तेथेंच होता. न थांबल्यास, इंटरनेटची वाट जुन्या दोन तारांच्या लाइनीस जेथें मिळते, तो सांधा तपासावा. आपलें यंत्र सर्वांत शेवटीं उघडावें.