मागच्या ओळीतील वाद्ये

ओंडका पोखरून त्याच्या तोंडावर कातडे ताणले की ढोल होतो आणि कळकाच्या पेराला भोके पाडून ते ओठांना लावले की पावा होतो. या दोन गोष्टी ठाऊक नाहीत असा समाज पृथ्वीच्या पाठीवर क्वचितच सापडेल. तरीही संगीताच्या दरबारात ही वाद्ये फार काळ मागच्या ओळीतच बसत आली. गायकाने गावे, नर्तकीने नाचावे, आणि मृदंगाने व वेणूने त्यांची साथ करावी, असा रिवाज होता. ती पुढे कशी आली हे पाहण्यासाठी, श्रोतेहो, आज आपल्याला कावेरीकाठच्या तंजावरास जायचे आहे. मात्र वाटेत क्षणभर जपानात थांबू, कारण तेथे हाच प्रवास फार थोड्या वर्षांत घडला.

जपानी भाषेत ढोलाला ‘ताइको’ म्हणतात. देवळातील पूजा, गावची जत्रा, नो आणि काबुकी ही नाट्ये या सर्वांत ताइको होता, पण सोबती म्हणून. १९५१ साली नागानो प्रांतातील सुवा परिसरात ओगुची दाइहाची या जाझ संगीतातल्या वादकाने लहानमोठे ताइको एकत्र मांडले आणि अनेकांनी मिळून ते वाजवण्याचा प्रकार सुरू केला. पुढे १९६९ साली सादो बेटावर ‘ओंदेकोझा’ हा संघ निघाला. त्यातूनच ‘कोदो’ हा संघ उभा राहिला आणि १९८१ साली बर्लिनमध्ये तो प्रथम लोकांपुढे आला. ढोलांचा गडगडाट थांबला की ‘शिनोबुए’ नावाची आडवी बासरी एकटीच वाजू लागते, आणि तो विसावाच अनेकांच्या मनात अधिक काळ रेंगाळतो. प्रेक्षक ज्याला प्राचीन परंपरा समजून टाळ्या देतात, तो ढोलवृंद वयाने आपल्या प्रजासत्ताकाहूनही एक वर्षाने लहान आहे!

तंजावरचा मृदंग पुढे आला तो इतक्या झटपट नव्हे. आणि त्याला पुढे आणणाऱ्यांत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. व्यंकोजीराजांनी १६७६ च्या सुमारास तेथे भोसल्यांची गादी स्थापिली. ती १८५५ पर्यंत चालली. या राजघराण्याचा संगीतावरील लोभ सर्वांना ठाऊक आहे. तुळजाजीराजांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला आणि दुसऱ्या सरफोजींच्या दरबारात कर्नाटक गायकांच्या बरोबरीने पाश्चात्त्य वाद्यवृंदही नांदत होता. परंतु माझ्या मते मृदंगाचे भाग्य दरबारापेक्षा कीर्तनात अधिक उजळले.

कीर्तनात मृदंग्याचे काम कसे असते ते आपण जाणताच. बुवा ओवी म्हणता म्हणता एकदम साकीवर येतात, साकीवरून दिंडीवर उतरतात, मध्येच गद्यात कथा सांगतात आणि श्रोत्यांना हसवून पुन्हा अभंगाचे चरण धरतात. एवढ्या वळणांतून लय सुटू न देता मागून धावणे हे सोपे नव्हे. मृदंग येथे केवळ ताल मोजत नाही. तो कथेतला अर्धा वक्ता असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर हे कीर्तनकार तंजावरास येऊन राहिले. त्यांची कीर्तने ऐकून तेथील कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी हा साज तमिळ मुलखाच्या हरिकथेला चढवला. ओवी, अभंग, साकी, दिंडी ही आपली वृत्तेच नावासकट तिकडच्या कथाकालक्षेपात जाऊन बसली. कृष्ण भागवतरांच्या साथीला मृदंगावर असत नारायणस्वामी अप्पा. त्यांची मातृभाषा मराठी. ‘अप्पा’ हा शब्दही मोठा गमतीचा आहे: मराठीत तो वडीलधाऱ्याला लावतात, तमिळमध्ये त्याचा अर्थच बाप. मृदंगवादनाच्या तंजावर शैलीचा इतिहास सांगू लागले की या अप्पांचे नाव अगदी आरंभी घेतले जाते. पुढच्या पिढीत तंजावूर वैद्यनाथ अय्यर झाले आणि त्यांच्याजवळ शिकलेले पालघाट मणी अय्यर (१९१२–१९८१). मद्रासच्या संगीत अकादमीने १९६६ साली मणी अय्यरांना ‘संगीत कलानिधी’ केले. हा मान मिळालेले ते पहिले मृदंगवादक.

वेणूची कथा अधिक आटोपशीर आहे. तंजावरपासून जवळच कुंभकोणम. तेथील शरभशास्त्री (१८७२–१९०४) बालपणीच अंध झाले आणि जेमतेम बत्तीस वर्षे जगले. एवढ्या अवधीत त्यांनी साथीच्या बासरीला मैफलीच्या मध्यभागी आणून बसवले. त्यांचे शिष्य पल्लडम संजीव राव यांनी ती परंपरा चालवली. नंतर तिरुविडैमरुदूर येथे जन्मलेले टी. आर. महालिंगम, म्हणजे रसिकांचे ‘माली’ (१९२६–१९८६), यांनी गळ्यातून निघणारी गमके बोटांतून काढून दाखवली. दक्षिणेच्या वेणूला बोटांची आठ छिद्रे असतात. आपल्याकडील लांब बासरीला ती सहा किंवा सात, आणि जपानच्या उभ्या ‘शाकुहाची’ला तर अवघी पाच. यावरून कोणी श्रेष्ठता मोजू नये. शाकुहाचीवाला ओठांचा कोन बदलून जे साधतो, ते दक्षिणेचा वादक छिद्र अर्धवट झाकून साधतो.

आता मृदंगाच्या अंगाकडे वळू. तंजावरी मृदंगाचे खोड फणसाचे. ते आतून कोरून दोन्ही तोंडांना पुड्या बसवतात व चामड्याच्या वाद्यांनी त्या परस्परांकडे खेचून धरतात. गाय, शेळी आणि म्हैस या तिन्ही जनावरांचे कातडे त्याला लागते. उजव्या पुडीवर विशिष्ट दगडाची पूड आणि शिजवलेला भात यांचा लेप थरावर थर देत, घोटत बसवतात. तीच आपली शाई. डाव्या पुडीला वादनापूर्वी ओल्या रव्याची लहानशी चकती लावतात आणि वादन संपताच ती काढून टाकतात. आपला पखवाजी तेथे कणीक लावतो. जपानी मोठ्या ताइकोचे कातडे कडेने खिळे ठोकून कायमचे बसवलेले असते, म्हणून तो सुरात लावण्याचा प्रश्नच फारसा येत नाही. मृदंग मात्र गायकाच्या षड्जाला मिळवावा लागतो. साध्या ताणलेल्या कातड्याचे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामुळे त्याचा नाद गोंगाटाकडे झुकतो. शाईच्या वजनाने ते उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येऊन बसतात आणि कातडे गाऊ लागते. हे शास्त्र जगापुढे मांडले चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी, १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात. रामन यांचा जन्मही तंजावरच्या शेजारचा, तिरुचिरापल्लीचा.

रामन यांनी जे मोजले ते ज्याने प्रथम कानाने शोधले, त्याचे नाव आपल्याला ठाऊक नाही. ही केवळ जुनी गोष्ट नव्हे. तंजावरचे मृदंग करणारे कारागीर बहुतांशी दलित ख्रिस्ती समाजातील. ओले कातडे निवडणे, ते केव्हा फाटेल याचा अंदाज बांधणे, शाईचा एखादा थर कमी की अधिक हे ठोका देऊन ठरवणे, हे सारे त्यांचे. मणी अय्यरांचे मृदंग परलांदू नावाचा कारागीर करी. त्यांच्या नादाची कीर्ती देशभर पसरली, परलांदूचे नाव मात्र वादकांच्या घरापलीकडे फारसे गेले नाही. ज्या गायीचे कातडे त्या घराला विटाळ वाटे, तेच कातडे मृदंगावर चढले की मांडीवर चालत असे! गायक टी. एम. कृष्ण यांनी या कारागिरांच्या घराण्यांवर ‘सेबॅस्टियन अँड सन्स’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. परलांदू हा त्यातल्याच सेबॅस्टियनचा मुलगा. २०२० साली पुस्तकाच्या प्रकाशनासाठी चेन्नईच्या कलाक्षेत्राने दिलेली सभागृहाची परवानगी मागे घेतली, आणि समारंभ दुसरीकडे करावा लागला.

जपानातही कातडे कमावणारा वर्ग गावकुसाबाहेरचाच होता. १८७१ च्या फर्मानाने ती हीन अवस्था कायद्यातून पुसली. सोयरीक जुळवताना आणि नोकरी देताना ती टिकून राहिली. ओसाका शहरातील नानिवा ही पिढ्यान् पिढ्या ढोल करणाऱ्यांची वस्ती. ज्यांच्या हातचे ताइको देशभर वाजत, त्यांच्या मुलांना तो वाजवण्याचा प्रसंग क्वचित येई. १९८७ साली त्या वस्तीतील तरुणांनी आपला स्वतःचा ढोलवृंद उभा केला आणि त्याचे नाव ठेवले ‘इकारी’. मराठीत त्याचा अर्थ होतो संताप. तंजावरच्या कारागिरांचा असा वृंद अजून माझ्या ऐकण्यात नाही. सुतळी आणि पाण्याचे भांडे घेऊन ते मैफलीपूर्वी रंगपटात येतात, वादकाच्या हाती षड्जाला मिळालेला मृदंग देतात, आणि पडदा उघडण्याआधी निघून जातात.