कॅनिंग लोकल आणि ‘सरकारी सुई’

पहाटे कॅनिंग आणि लक्ष्मीकांतपूरकडून येणाऱ्या लोकल बालीगंज स्टेशनात थांबतात आणि फलाट बायकांनी भरून जातो. दक्षिण 24 परगण्यातल्या खेड्यांतून निघालेल्या या ‘मासी’ तासाभरात गडियाहाटच्या आसपासच्या स्वयंपाकघरांत भांडी घासायला लागलेल्या असतात. कोलकात्यातल्या मराठी घरांचंही त्यांच्यावाचून पान हलत नाही. पाळणा लांबवण्याबद्दल त्यांच्या मनात बऱ्याच शंका आहेत. पण त्यांच्याविषयी आपण ‘बौदी’, म्हणजे घरच्या वहिनी मंडळी, जे गैरसमज बाळगतो, तेही काही कमी नाहीत. सुरुवात तिथूनच करू.

‘खेड्यातल्या लोकांना मुलं फार,’ हे वाक्य चहाबरोबर हमखास येतं. 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पश्चिम बंगालचा एकूण प्रजनन दर 1.6 निघाला, महाराष्ट्राचा 1.7. म्हणजे बोट दाखवायचंच तर आधी स्वतःकडे. बंगालचं खरं दुखणं वेगळं आहे. 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 41.6 टक्के अठरा पूर्ण होण्याआधीच बोहल्यावर चढलेल्या होत्या. शिवाय 74.4 टक्के विवाहित स्त्रिया कुठला तरी उपाय वापरत होत्या, पण आधुनिक साधनं वापरणाऱ्या 60.7 टक्केच. उरलेल्यांचा भरवसा दिवस मोजण्यावर आणि नवऱ्याच्या संयमावर. मुलं किती, यापेक्षा पहिलं कधी आणि दुसरं किती अंतराने, हा तिथला प्रश्न आहे.

आता मासींची शंका. ‘ती सुई घेतली की पुन्हा मूल होत नाही म्हणे.’ ही सुई म्हणजे 2017 पासून सरकारी कार्यक्रमात मिळणारं ‘अंतरा’ इंजेक्शन. ते तीन महिन्यांतून एकदा, मोफत, डॉक्टरांनी आधी तपासून मगच देतात. पाळी अनियमित होते, कधी बंदही होते, आणि भीतीचं मूळ तिथेच आहे. पाळी थांबली म्हणजे अंगात ‘घाण साचली’, असं नाही. इंजेक्शन थांबवल्यावर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागतात. उशीर होतो, पण वाट बंद होत नाही. ज्यांना संप्रेरकं नकोत त्यांच्यासाठी ‘छाया’ गोळी आहे. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेची. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि पुढे एकदा घ्यायची. हे आधीच नीट सांगितलं, तर निम्मी भीती तिथेच संपते.

सांगायचं कुणी, इथे स्वयंसेवी संस्था येतात. ‘संस्थेची सेवा म्हणजे खासगी, पैसे पडणार,’ हाही एक समज. मान्यताप्राप्त संस्थेच्या दवाखान्यात नसबंदी झाली तरी तिचा खर्च सरकारी योजनेतून भागतो. गोळ्या, तांबी, इंजेक्शन यांचा साठा बहुधा सरकारी असतो. संस्थेची जमेची बाजू म्हणजे घराघरातली ओळख. बालीगंजहून फार दूर नसलेल्या पैलानला 1974 साली सुरू झालेली ‘चाइल्ड इन नीड इन्स्टिट्यूट’ माता-बालकांसाठी सरकारी यंत्रणेबरोबर अशीच काम करत आली आहे. आणि संस्था मागून आल्या, असंही नाही. र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं 1921 साली, तर सरकारी कार्यक्रम आला 1952 साली. आपल्या इतिहासात सरकारच उशिरा पोचलं.

पण म्हणून ‘संस्था आहे म्हणजे सगळं ठीक’ असं मानणं सर्वांत धोक्याचं. जानेवारी 2012 मध्ये बिहारमधल्या अररिया जिल्ह्यात कापरफोरा इथे एका संस्थेने सरकारच्या परवानगीने शाळेच्या इमारतीत, काही तासांत 53 स्त्रियांच्या नसबंदी शस्त्रक्रिया उरकल्या. बंगालमध्ये मालदातल्या माणिकचकला 2013 साली शंभराहून अधिक स्त्रियांना शस्त्रक्रियेनंतर उघड्या मैदानात झोपवलं गेलं. तिथे रुग्णालय सरकारी होतं. सहकार्याचा अर्थ दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवणं असा झाला, की भरडली जाते ती बाईच. अररियाच्या प्रकरणातून देविका बिस्वास यांनी लढवलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2016 मध्ये निकाल दिला आणि तीन वर्षांत नसबंदी शिबिरं बंद करायला सांगितलं. तेव्हा पाटी कुणाची, यापेक्षा काही बिघडलं तर रात्री कुणाला गाठायचं, हे आधी विचारून घ्यावं. मृत्यू, गुंतागुंत किंवा नसबंदी अयशस्वी होणं, यांसाठी सरकारी भरपाई योजना आहे. कागद मात्र जपून ठेवायला हवेत.

नवऱ्याची सही लागते का? नसबंदीसाठी सरकारी नियमांप्रमाणे लागत नाही. संमती जिची शस्त्रक्रिया, तिचीच. आणि पुरुष नसबंदीने ताकद जाते म्हणणाऱ्यांना एवढंच, की त्यात फक्त शुक्रवाहिनी बांधतात. अंडकोष आणि त्यातली संप्रेरकं जागच्या जागी राहतात. तरी त्याच 2019-21च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात पुरुष नसबंदीचं प्रमाण 0.3 टक्के होतं आणि स्त्रियांचं 37.9.

शेवटी आपल्या हातातलं. आशादीदी गावात फिरते आणि आरोग्यकेंद्र उघडं असतं तेव्हा मासी आपल्या मोरीत असते. अंतराची तारीख चुकली तर चार आठवड्यांची सवलत असते, त्यापुढे संरक्षणाचा भरवसा नाही. तिच्या कार्डावरची तारीख आपल्या कॅलेंडरवर लिहा आणि त्या दिवशी तिला भरपगारी सुट्टी द्या.