टाळ्या फुकट, शाळा उधार!

सत्काराला खर्च थोडाच येतो. शाल, नारळ आणि दोन हारांत भागते. म्हणून जगात सत्कार उदंड होतात. पण सत्कारमूर्तीच्या पगाराचा किंवा गावच्या शाळेच्या छपराचा विषय निघाला, की सभेतल्या टाळ्या थांबतात आणि मंडळी घड्याळाकडे पाहू लागतात. हे दोन्ही विषय एकाच सभेत, एकापाठोपाठ आलेले पाहण्याचा योग मला अमेरिकेत आला.

माझी लेक नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या केरी या गावी राहते. मराठी बिऱ्हाडे तिथे पुष्कळ. हे गाव मुख्यतः वेक काउंटीत येते. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा समजा. मात्र तिची सूत्रे कलेक्टरच्या नव्हे, तर लोकांनी निवडून दिलेल्या कमिशनरांच्या हाती असतात. त्यांची सभा कोणालाही पाहता येते. एका मे महिन्यात मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो.

पहिला विषय अँब्युलन्सवरच्या माणसांच्या गौरवाचा. १९७४ साली अध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांनी या सेवेचा सप्ताह जाहीर केला. आता तो मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात पाळतात. गौरवाचा ठराव वाचला गेला, सारे सभागृह उभे राहिले, फोटो निघाले. गणवेशातली ती तरुण मुले-मुली मात्र अवघडून उभी होती. एकाचे लक्ष तर कमरेच्या वायरलेसकडेच होते!

वाचकहो, ही सेवा तिथेही फार जुनी नाही. १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या सुमारे निम्म्या अँब्युलन्स प्रेतसंस्कार करणारे व्यावसायिक चालवीत. माणसाला आडवे नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडेच असे! घाव बांधायला गाडीत शिकलेला माणूस असेलच, असे नाही. १९६७ साली पिट्सबर्ग शहरात ‘फ्रीडम हाऊस’ ही सेवा निघाली. डॉ. पीटर सफार यांनी बेकार कृष्णवर्णीय तरुणांना शिकवून तयार केले आणि रस्त्यावरच उपचार करणारी माणसे कशी असावीत, हे देशाला दाखवून दिले. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा काढली आणि ‘फ्रीडम हाऊस’ बंद पडली. त्यातल्या किती जणांना त्या वेळी शाल मिळाली असेल?

टाळ्या विरल्या आणि दुसरा विषय निघाला : शाळांच्या इमारती. त्या राज्यात शाळा-मंडळाला सहसा स्वतःचा कर बसवता येत नाही. इमारतींचा भार काउंटीवर. काउंटी रोखे काढून कर्ज उभारते आणि वर्षानुवर्षे कराच्या पैशांतून फेडते. पण घरपट्टी तारण ठेवून असे कर्ज काढायचे, तर आधी मतदारांना विचारावे लागते. शिवाय राज्याच्या एका आयोगाची संमती हवी. मंदीच्या काळात गावोगावची कर्जे बुडाली, तेव्हा १९३१ साली हा पहारेकरी बसवला गेला. वेक काउंटीच्या मतदारांनी २०१८ साली शाळांसाठी ५४ कोटी ८० लाख डॉलर आणि २०२२ साली ५३ कोटी ७ लाख डॉलर कर्जाला होकार दिला.

“बाबा, इथे शाळेला ‘हो’ म्हणायचं म्हणजे आपल्याच घरपट्टीला ‘हो’ म्हणायचं,” लेक म्हणाली. ती नागरिक झाली, म्हणून तिला मत. शेजारचे व्हिसावरचे जोडपे घरपट्टी तेवढीच भरते, मुले त्याच शाळेत धाडते. पण त्यांना मत नाही. ते बिचारे लेकीलाच विचारतात, “ताई, तुम्ही काय करणार?”

या कर्जाची एक खोच आहे. ते पैसे भिंतींना चालतात, माणसांना नाही. शिक्षकांचा बहुतेक पगार राज्य देते, काउंटी त्यात भर घालते; काउंटीच्या अँब्युलन्सवरच्या माणसांचा पगार वार्षिक अंदाजपत्रकातून निघतो. वर्ष सुरू होते १ जुलैला, अंदाजपत्रक मंजूर होते त्याच्या आत. म्हणजे मे महिन्यात टाळ्या वाजवणाऱ्या हातांनीच जूनमध्ये आकडे लिहायचे असतात. आणि एवढे होऊनही अँब्युलन्समधून गेलेल्या रोग्याच्या घरी बिल येतेच.

याबाबतीत आपण बरे. महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकाची अँब्युलन्स फुकट येते. रोखेही आपल्याला नवे नाहीत : पुणे महापालिकेने २०१७ साली पाण्याच्या योजनेसाठी २०० कोटी रुपयांचे रोखे काढले. मात्र त्यासाठी पुणेकराचे मत कोणी घेतले नाही. आपल्या कायद्यात तशी रीतच नाही.

विचारले असते, तर आपण काय उत्तर दिले असते? “शाळा हवी, पण पट्टी वाढवू नका,” असेच ना? १०८ वरच्या मुलाला आपण मनापासून दुवा देतो. तो घेऊन तो किराणा दुकानात जाऊ शकत नाही. कृतज्ञतेची खरी पावती घरपट्टीच्या कागदावरच फाटते.