नकाशावरून गेलेला कराड मतदारसंघ

कराड लोकसभा मतदारसंघात शेवटचं मतदान 2004 साली झालं, श्रीनिवास पाटील निवडून आले. 2009 ला हा मतदारसंघच उरला नव्हता! एकाच घरातले दाजीसाहेब चव्हाण, प्रेमलाताई आणि पृथ्वीराज असे तिघं जिथून दिल्लीला गेले, तो हा मतदारसंघ. (यशवंतराव चव्हाण कराडचे खरे, पण ते लढायचे सातारा मतदारसंघातून.)

हे घडलं न्यायमूर्ती कुलदीप सिंग आयोगाच्या पुनर्रचनेमुळे. आधीच्या सीमा 1971 च्या जनगणनेवर बेतलेल्या होत्या, नव्या 2001 च्या. महाराष्ट्राच्या जागा 48 च राहिल्या, पण माणसं पुणे-ठाण्याकडे वाढली होती. विधानसभेला साताऱ्याच्या जागा 10 वरून 8 झाल्या, सांगलीच्या 9 वरून 8. जावळी आणि खटाव हे मतदारसंघ गेले. एका लोकसभेत सहा विधानसभा, हे गणित पक्कं असल्यामुळे जुनी जुळणी टिकणारच नव्हती.

मग वाटणी झाली. कराड उत्तर, कराड दक्षिण, पाटण साताऱ्यात आले. कराडचा जुना जोडीदार असलेला वाळवा-शिराळ्याचा पट्टा हातकणंगल्यात, म्हणजे कोल्हापूरकरांसोबत गेला. फलटण आणि माण थेट सोलापूरच्या माढ्यात!

मला सगळ्यात खटकतं ते शिराळ्याचं. जिल्हा सांगली, खासदार हातकणंगल्याचा, आणि कराड एवढं जवळ. तुमच्या गावाचा मतदारसंघ 2009 आधी कोणता होता? घरातल्या थोरल्यांना विचारा आणि खाली नक्की लिहा.