पूर्व लॉस एंजेलिसच्या माता आणि त्यांची कागदपत्रे

आम्ही बँकेत नोकरी करतो. शाखेच्या पोटमाळ्यावर जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे सुतळीने बांधून ठेवलेले असतात. ठराविक वर्षे पूर्ण झाली की साहेबांची सही घेऊन ते नष्ट करायचे, असा नियम आहे आणि हे काम आमच्यासारख्या कारकुनाच्या वाट्याला येते. गठ्ठा सोडताना एखाद्या व्हाउचरावर अंगठ्याचा ठसा दिसतो, शेजारी साक्षीदाराची सही दिसते आणि क्षणभर हात थांबतो. त्या माणसाने कर्ज फेडल्याचा कदाचित तेवढाच पुरावा उरलेला असतो. नियम तो नियम, गठ्ठा जातो.

सामान्य माणसांचे कागद कोणी जपावेत, हा प्रश्न तेव्हापासून आमच्या डोक्यात आहे. त्याचे एक उत्तर अमेरिकेतील विद्यापीठांच्या ग्रंथालयांत पाहावयास मिळते. तेथे विद्वान, कार्यकर्ते, संघटना यांची खाजगी कागदपत्रे पद्धतशीरपणे जतन केली जातात. वाचकांना ठाऊक असलेलेच एक उदाहरण देतो. १९४६ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांना पत्र लिहिले. तेथील निग्रो जनतेच्या वतीने संयुक्त राष्ट्रसंघाकडे निवेदन जाणार असल्याचे वाचून त्याच्या प्रती त्यांनी मागविल्या होत्या. ते पत्र मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील ग्रंथालयात, डुबॉईस यांच्या कागदपत्रांत आहे. पत्र ज्याला गेले त्याच्या घरी ते राहिले, आणि त्याचे कागद कोणीतरी सांभाळले म्हणून ते आपल्याला वाचता येते.

प्रस्तुत लेखात आम्ही अशाच, परंतु आपल्याकडे फारशा परिचित नसलेल्या एका संग्रहाची ओळख करून देणार आहोत. कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाच्या नॉर्थरिज येथील ग्रंथालयात ‘मदर्स ऑफ ईस्ट लॉस एंजेलिस’ या महिला संघटनेची कागदपत्रे जतन केलेली आहेत. या संघटनेचा अभ्यास करणाऱ्या प्रा. मेरी पार्डो याच विद्यापीठात चिकानो अध्ययन विभागात शिकवीत. या विभागाची सुरुवात १९६९ साली, विद्यार्थी चळवळीच्या धामधुमीत झाली, हे विद्यार्थी मित्रांनी लक्षात ठेवावे.

आता ‘चिकानो’ म्हणजे काय? १८४६ ते १८४८ या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात युद्ध झाले आणि कॅलिफोर्नियासह फार मोठा मुलूख मेक्सिकोच्या हातून गेला. तेथे राहणारे मेक्सिकन लोक जागच्या जागी परके ठरले. पुढे कामधंद्यासाठी आणखी लाखो आले. त्यांना हिणवण्यासाठी वापरला जाणारा ‘चिकानो’ हा शब्द १९६० च्या दशकात तरुणांनी स्वतःहून उचलला आणि अभिमानाने मिरविला. चिकाना हे त्याचे स्त्रीलिंगी रूप. हिणवणुकीचा शब्द ताठ मानेने उच्चारणे ही गोष्ट आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही.

लॉस एंजेलिस नदीच्या पूर्वेला बॉईल हाइट्स ही या लोकांची जुनी वस्ती. महायुद्धानंतरच्या काळात शहरातील मोठमोठे महामार्ग या वस्तीतूनच नेण्यात आले, घरे पाडली गेली. १९८५ च्या सुमारास राज्य सरकारने या वस्तीजवळ तुरुंग बांधण्याचे ठरविले. आमदार ग्लोरिया मोलिना यांनी विरोध सुरू केला, परंतु त्याला बळ दिले ते वस्तीतील गृहिणींनी. जुआना गुटिएरेझ या नऊ मुलांच्या आई. अरोरा कॅस्टिलो १९१४ साली जन्मलेल्या, म्हणजे त्या वेळी सत्तरी ओलांडलेल्या. चर्चचे धर्मगुरू जॉन मोरेटा यांनी पाठिंबा दिला. अर्जेंटिनात बेपत्ता मुलांसाठी डोक्याला पांढरे रुमाल बांधून चौकात उभ्या राहणाऱ्या मातांवरून या संघटनेचे नाव सुचले आणि येथील बायकांनीही पांढरे रुमाल बांधले. १९८६ च्या उन्हाळ्यात दर सोमवारी मोर्चा निघे. संख्या कधी शेकड्यांत, कधी हजारांत.

तुरुंगाचा लढा चालू असतानाच दुसरे संकट उभे राहिले. शेजारी व्हर्नन नावाचे नगर आहे. नाव नगर, परंतु राहणारे लोक शंभर-दोनशे. बाकी सगळे कारखाने. तेथे घातक रासायनिक कचरा जाळण्याची भट्टी उभारण्याची एका कंपनीची योजना होती. वर्षाला सुमारे २२,५०० टन कचरा तीत जळणार होता. परवानगी व्हर्ननची, धूर मात्र वाऱ्यासरशी शेजारच्या वस्त्यांत जाणार. पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा संपूर्ण अहवाल न करताच परवाने देण्यात आले होते. बायकांनी सभा घेतल्या, सुनावण्यांना गर्दी केली, इतर संघटनांसह न्यायालयात धाव घेतली. १९९१ साली कंपनीने योजना सोडून दिली. तुरुंगाची योजना १९९२ साली कायद्यानेच रद्द झाली.

या लढ्याच्या काळात एका सरकारी कागदाने मोठी खळबळ उडविली. कॅलिफोर्नियाच्या कचरा व्यवस्थापन मंडळासाठी सेरेल असोसिएट्स या सल्लागार संस्थेने १९८४ साली एक अहवाल तयार केला होता. कचरा जाळून वीज करण्याचे कारखाने कोठे काढले तर विरोध कमी होईल, हा त्याचा विषय. उत्तर असे की ज्या वस्तीत उत्पन्न कमी, शिक्षण शालेय पातळीपर्यंतच, माणसे वयस्कर, कॅथॉलिक धर्माची आणि सार्वजनिक प्रश्नांत न पडणारी, तेथे विरोध कमी होतो. व्हर्ननची भट्टी याच अहवालावरून ठरली असा पुरावा नाही, आणि तो अहवाल घातक कचऱ्याविषयी नव्हता, हेही सांगितले पाहिजे. तथापि बॉईल हाइट्सच्या बायकांनी ती यादी ऐकली तेव्हा त्यांना आपलेच वर्णन ऐकल्यासारखे वाटले तर नवल नाही. गंमत अशी की, ज्या कॅथॉलिक चर्चमुळे ही माणसे गप्प राहतील असा हिशेब होता, त्याच चर्चच्या दारात रविवारची प्रार्थना आटोपल्यावर सह्या गोळा झाल्या आणि मोर्चाचे निरोप दिले गेले. सल्लागारांनी कॅथॉलिक किती आहेत ते मोजले. त्या चर्चमध्ये बायका एकमेकींना किती वर्षे ओळखतात हे मोजले नाही.

नेमके हेच प्रा. पार्डो यांनी टिपले. त्यांनी बायकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या, सभांना हजेरी लावली. १९९० साली त्यांचा लेख ‘फ्रंटियर्स’ या नियतकालिकात आला आणि १९९८ साली ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मुलांची शाळा, चर्चचे कार्यक्रम, शेजार यांतून जमलेल्या ओळखी हेच या बायकांचे राजकीय भांडवल होते. बायका स्वतः मात्र म्हणत की आम्ही राजकारणी नाही, आम्ही आया आहोत. अध्यक्ष म्हणून पुरुषाचे नाव आणि राबणारी बाई, असे जुने अनुभवही मुलाखतींतून आले आहेत. (आमच्या मंडळाच्या भगिनी हे वाचून हसतील, याची आम्हाला कल्पना आहे.)

अशा संग्रहात ठेवतात तरी काय? पत्रके, वर्तमानपत्रांतील कात्रणे, पत्रव्यवहार, सभांच्या नोंदी, छायाचित्रे, ध्वनिफिती. कागद आम्लविरहित खोक्यांत आणि घडीच्या पुठ्ठ्यांत ठेवतात, म्हणजे ते पिवळे पडून तुटत नाहीत. प्रत्येक खोक्याला क्रमांक, आतील प्रत्येक पुठ्ठ्याला नाव आणि या सर्वांची छापील सूची. बँकेत खातेवहीचे पान आणि व्हाउचरचा क्रमांक जुळवतात तसेच हे आहे. एक नियम मात्र आम्हाला विशेष वाटला. कागद ज्याच्याकडून आले, त्याने ज्या क्रमाने ठेवले होते, तो क्रम होता होईल तो मोडायचा नाही. विषयवार नीट लावण्याचा मोह आवरायचा, कारण कोणता कागद कशाशेजारी होता, यातूनही माहिती मिळते. वाचनकक्षात शाई नेऊ देत नाहीत. पेन्सिलीनेच टिपणे काढावयाची.

कागदाची भाषा कोणती, हाही प्रश्न आहे. पूर्व लॉस एंजेलिसच्या माता कॅलिफोर्नियातील केटलमन सिटी या खेड्यातील लोकांच्या पाठीशी उभ्या राहिल्या होत्या. तेथेही घातक कचऱ्याची भट्टी येणार होती. शेतमजुरांचे गाव, बहुसंख्य स्पॅनिश बोलणारे आणि शेकडो पानांचा अहवाल सगळा इंग्रजीत. १९९१ च्या अखेरीस न्यायालयाने निकाल दिला की, स्पॅनिश भाषांतर न दिल्यामुळे लोकांना खऱ्या अर्थाने सहभागी होता आले नाही. १९९३ साली तीही योजना मागे घेण्यात आली. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर न समजणाऱ्या भाषेत लागलेली नोटीस ज्यांनी वाचली आहे, त्यांना या निकालाचे मोल कळेल.

१९९५ साली अरोरा कॅस्टिलो यांना गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला. आदल्याच वर्षी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी गरीब आणि अल्पसंख्य वस्त्यांवर प्रदूषणाचा जादा बोजा पडत नाही ना, हे सरकारी खात्यांनी तपासावे असा आदेश काढला होता. ‘पर्यावरणीय न्याय’ हा शब्द त्यामुळे सरकारी झाला. तो आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द करण्यात आला.

आणि व्हर्ननचे काय? भट्टी आली नाही. परंतु त्याच व्हर्ननमध्ये जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसे काढण्याचा एक कारखाना कित्येक दशके चालू होता. पुढे तो एक्साइड कंपनीकडे आला आणि २०१५ साली कायमचा बंद झाला. आसपासच्या सुमारे दहा हजार घरांचा परिसर तपासणीच्या टप्प्यात आला. अंगणांतील मातीत शिसे सापडले, तेही मुले खेळतात त्या मातीत. २०२० साली दिवाळखोरी न्यायालयाने कंपनीला ती जागा सोडून जाण्याची मुभा दिली. सफाईचा मोठा भार राज्याच्या तिजोरीवर पडला. त्या अंगणांपैकी काही बॉईल हाइट्समधील आहेत, म्हणजे ज्या वस्तीतल्या मातांची पत्रके नॉर्थरिजच्या खोक्यांत आहेत, तिथलीच.